अतिवेगवान कृष्णधवल फिल्म : मराठवाड्यात वापरताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अतिवेगवान फिल्म म्हणजे अगदी कमी प्रकाशातही चित्र टिपणारी फिल्म; तिच्या वेगाचा आकडा जितका मोठा तितका कमी प्रकाश तिला पुरतो. सप्ताहातील रात्रीचे कीर्तन, देवीचा गोंधळ, अजिंठ्याच्या लेण्यांमधील अंधार, पैठणच्या विणकराच्या घरातला एकुलता बल्ब अशा ठिकाणी फ्लॅश न वापरता फिल्मवर छायाचित्रे काढू इच्छिणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. घरी फिल्म डेव्हलप करण्याचा थोडाफार अनुभव वाचकाला आहे असे गृहीत धरले आहे. आपल्याकडच्या उष्णतेमुळे आणि पाण्यामुळे येणाऱ्या अडचणींना मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण फिल्मसोबत येणाऱ्या माहितीपत्रकांत त्यांचा विचार फारसा केलेला नसतो.

अतिवेगवान फिल्म म्हणून आज नेमक्या कोणत्या फिल्म मिळतात?

प्रामुख्याने दोन. इलफर्डची डेल्टा 3200 ही 1998 साली आली आणि ती 35 मिमी व 120 अशा दोन्ही आकारांत मिळते. कोडॅकची टी-मॅक्स पी3200 ही 1988 साली आली, 2012 साली बंद झाली आणि 2018 साली पुन्हा बाजारात आली. ती फक्त 35 मिमीमध्ये आहे. याशिवाय एचपी5 प्लस आणि ट्राय-एक्स या 400 वेगाच्या फिल्म जास्त वेळ डेव्हलप करून, म्हणजे पुश करून, 1600 पर्यंत चांगल्या चालतात. आपल्याकडे बहुतेक जण याच मार्गाने सुरुवात करतात आणि ते योग्यच आहे.

डब्यावर 3200 लिहिलेले असताना फिल्मचा खरा वेग कमी असतो, हे खरे आहे का?

होय, आणि उत्पादकांनी ते लपवलेलेही नाही. ठरलेल्या प्रमाणित पद्धतीने मोजल्यास डेल्टा 3200 चा वेग आयएसओ 1000 इतका भरतो, आणि पी3200 चा वेग वापरलेल्या डेव्हलपरनुसार 800 ते 1000 इतका. या फिल्मची घडणच मुळात कमी कॉन्ट्रास्टची, म्हणजे उजळ आणि गडद भागांत कमी फरक राहील अशी, ठेवलेली असते, त्यामुळे त्या 3200 वर वापरून जास्त वेळ डेव्हलप केल्या तरी उजळ भाग एकदम भाजून निघत नाहीत. डब्यावरचा 3200 हा आकडा म्हणजे ‘या वेगावर वापरली तरी चालेल’ अशी शिफारस आहे.

याचा व्यवहारातला अर्थ समजून घ्यावा. डेव्हलपमेंट वाढवली की उजळ आणि मधले भाग दाट होतात. पण सावलीतल्या ज्या भागापर्यंत प्रकाश पोहोचलाच नाही, तिथे डेव्हलप होण्यासारखे काहीच नसते, आणि ती जागा निगेटिव्हवर कोरीच राहते. म्हणून शक्य असेल तिथे मी डेल्टा 3200 ला मीटरवर, म्हणजे प्रकाश मोजण्याच्या साधनावर, 1600 लावतो आणि डेव्हलपमेंटची वेळ मात्र 3200 ची देतो. निगेटिव्ह थोडी दाट येते, पण चेहऱ्याची अंधारातली बाजू हाती लागते.

400 ची फिल्म पुश करावी की थेट 3200 ची घ्यावी?

1600 पर्यंत काम भागत असेल तर एचपी5 प्लस पुश करावी. तिचा ग्रेन, म्हणजे चित्रात दिसणारी रवाळ कणी, बारीक राहतो आणि ती उष्णतेतही जास्त टिकते. 1600 च्या पुढे, आणि विशेषतः एकाच प्रखर दिव्याखाली, डेल्टा 3200 किंवा पी3200 घ्यावी. पुश केल्याने कॉन्ट्रास्ट वाढतो. हॅलोजनखाली प्रसंगाचाच कॉन्ट्रास्ट आधी जास्त असतो, त्यात पुशची भर पडली की पांढरा फेटा आणि सावळा चेहरा एका कागदावर आणणे फार अवघड होते.

रात्रीच्या कीर्तनात मीटर कशावर धरावा?

या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देणे भाग आहे, कारण फुकट गेलेले बहुतेक रोल इथेच फुकट जातात.

गंगाखेडच्या बाजूला एका गावात सप्ताहाचे कीर्तन होते. मांडव पांढऱ्या कापडाचा, बुवांच्या डोक्यावर एक हॅलोजन, टाळकरी पांढऱ्या सदऱ्यात आणि समोर श्रोत्यांच्या ओळी मागे अंधारात विरत गेलेल्या. अशा दृश्याकडे नुसता कॅमेरा वळवला तर मीटर पांढरे कापड आणि दिवा पाहतो आणि भरपूर प्रकाश आहे असे समजून शटरचा वेग 1/250 सेकंद सांगतो. त्या आकड्यावर विसंबून मी पहिला रोल काढला. निगेटिव्हवर फेटे, धोतरे आणि टाळांची चमक एवढेच आले. चेहऱ्यांच्या जागी कोरी फिल्म होती.

दुसऱ्या रात्री पहिल्या ओळीत एक आजोबा काळी घोंगडी पांघरून बसले होते. त्यांच्याजवळ जाऊन, दिवा चौकटीत येणार नाही अशा बेताने मी घोंगडीच्या सावलीतल्या घडीवर मीटर धरला. फिल्म 1600 वर असताना त्याने एफ/2 (भिंगाच्या छिद्राचे माप) आणि 1/15 दाखवले. मीटर ज्याच्याकडे पाहतो त्याला मध्यम करडे समजतो. घोंगडी मात्र काळी दिसायला हवी, फक्त तिचा लोकरीचा पोत हरवता कामा नये. म्हणून त्या आकड्यापासून दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे एफ/2 आणि 1/60, हे एक्स्पोजर ठरवले आणि बुवा जागेवरून फार हलले नाहीत तोवर मीटरकडे पुन्हा पाहिले नाही. त्या रोलमध्ये घोंगडीची वीण मोजता येते, आजोबांच्या गालावरच्या सुरकुत्या आहेत, आणि फेटाही छापताना थोडे जास्त एक्स्पोजर दिले की नीट येतो.

जवळ जाणे शक्य नसेल तर आपल्या तळहातावर तसाच प्रकाश घेऊन मोजावे. सावळ्या तळहाताचे माप साधारणतः मध्यम करड्याच्या थोडे वर जाते, म्हणून त्यात अर्ध्यापासून एक स्टॉपपर्यंत प्रकाश वाढवावा. शंका असेल तेव्हा प्रकाश जास्तच द्यावा.

काही चौकटींवर आडवे किंवा उभे पट्टे येतात. शटर बिघडले आहे का?

बहुधा नाही. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होतात. 1/250 किंवा त्याहून जलद वेगावर पडद्याच्या शटरची फट फिल्मवरून सरकत असताना दिवा मध्येच मंदावतो आणि तेवढा पट्टा कमी उजळतो. 1/50, 1/60 किंवा त्याहून संथ वेग ठेवला की हा दोष जवळजवळ नाहीसा होतो. जुन्या पिवळ्या बल्बची तार तेवढ्या वेळात थंड होत नाही, म्हणून त्याच्या प्रकाशात पट्टे सहसा जाणवत नाहीत.

गोंधळात दिवटीच्या उजेडावर छायाचित्र निघेल का?

निघते, पण ज्योत चौकटीत ठेवून मीटरवर विश्वास ठेवू नये. 3200 वर एफ/2 आणि 1/30 पासून सुरुवात करावी आणि गोंधळी दिवटीच्या जवळ येईल तो क्षण धरावा, कारण अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. संबळ वाजवणाऱ्या हातांची हालचाल 1/30 वर पुसट होईल. ती मला खटकत नाही, चेहरा स्थिर असला म्हणजे पुरे. ज्योतीचा आणि पिवळ्या बल्बचा प्रकाश निळ्या रंगात कमी असतो, त्यामुळे फिल्मचा प्रत्यक्ष वेग थोडा घटतो. अर्धा स्टॉप जास्त द्यावा.

अजिंठा आणि वेरूळ एकाच रोलवर होईल का?

अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांमध्ये फ्लॅशला मनाई आहे, आणि ती असायलाच हवी. मेजर रॉबर्ट गिल यांनी 1860 च्या दशकात इथली छायाचित्रे घेतली तेव्हाच्या काचांचा वेग आजच्या फिल्मच्या शेकडो पटींनी कमी होता; आज 3200 वर, एफ/2 आणि 1/15 च्या आसपास, कोपर छातीशी टेकवून पहिल्या लेण्यातील पद्मपाणीसमोर उभे राहता येते. तिपाईसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

वेरूळला मात्र हाच रोल अडचणीत आणतो. कैलास लेणे वरून उघडे आहे. भर उन्हात 3200 च्या फिल्मला एफ/16 वर साधारण 1/4000 इतका वेग हवा, आणि 1/1000 वर थांबणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यात तो नसतो. दोन स्टॉपचा राखाडी फिल्टर किंवा नारिंगी फिल्टर जवळ असेल तर निभावते. दहाव्या, म्हणजे विश्वकर्मा लेण्याच्या आतला अंधार हीच या फिल्मची खरी जागा आहे. दोन कॅमेरे असतील तर एकात 100 ची फिल्म ठेवावी. नसतील तर कैलास सूर्य कलल्यावर, सावली चढल्यावर घ्यावा.

उन्हाळ्यात फिल्म कुठे ठेवावी?

न उघडलेला डबा फ्रिजमध्ये ठेवावा आणि वापरण्याआधी दोन तास बाहेर काढून न उघडता तसाच राहू द्यावा, म्हणजे आत दव धरत नाही. वेगवान फिल्म उष्णतेने लवकर धूसर होते. दुचाकीच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ती तासभरही ठेवू नये. काढून झालेला रोल आठवड्याच्या आत डेव्हलप करावा.

विमानतळावर क्ष-किरण तपासणीने फिल्म खराब होते का?

800 आणि त्याहून जास्त वेगाच्या फिल्म हातात देऊन तपासून घ्याव्यात. नव्या सीटी यंत्रांतून त्या एकदाही जाऊ देऊ नयेत, आणि चेक-इन सामानात तर कधीच ठेवू नयेत.

लाल दिव्यात फिल्म टँकमध्ये भरता येईल का?

नाही. लाल दिवा छपाईच्या कागदासाठी असतो. या फिल्मना लाल रंगही दिसतो. पूर्ण अंधार किंवा चेंजिंग बॅग हवी.

चेंजिंग बॅगमध्ये फिल्म रिळावर चढता चढता अडकते, काय करावे?

हाताला घाम येतो आणि बॅगेतली हवा दमट होते, म्हणून फिल्म प्लॅस्टिकच्या रिळाला चिकटते. रीळ आदल्या दिवशी उन्हात वाळवावे, फिल्मच्या टोकाचे दोन्ही कोपरे किंचित गोल कापावेत, आणि अडकलीच तर जोर न लावता ती टँकमध्ये ठेवून झाकण लावावे, हात बाहेर काढून पुसावेत व दहा मिनिटांनी पुन्हा बसावे. घाईने ओढलेल्या फिल्मवर नखाच्या आकाराचे काळे चंद्र उमटतात आणि ते कशानेही जात नाहीत.

कोणता डेव्हलपर घ्यावा?

पुश करण्यासाठी मायक्रोफेन किंवा डीडी-एक्स हे सर्वांत चांगले, कारण ते सावलीतला तपशील थोडा जास्त राखतात. डी-76 आणि त्याचाच जुळा आयडी-11 हेही न मिसळता, म्हणजे मूळ द्रावणात, 1600 पर्यंत समाधानकारक चालतात. रोडिनल सुंदर डेव्हलपर आहे, पण वेगवान फिल्मचा ग्रेन तो फार वर काढतो आणि सावलीत वेग घालवतो. या कामासाठी मी तो सुचवणार नाही.

20 अंश सेल्सिअसला इलफर्डने दिलेल्या काही वेळा अशा आहेत : एचपी5 प्लस 1600 वर वापरली असेल तर आयडी-11 मध्ये 14 मिनिटे आणि मायक्रोफेनमध्ये 11 मिनिटे, डेल्टा 3200 ही 3200 वर वापरली असेल तर आयडी-11 मध्ये साडेदहा मिनिटे आणि 1+4 प्रमाणातल्या (एक भाग डेव्हलपर, चार भाग पाणी) डीडी-एक्समध्ये साडेनऊ मिनिटे. पहिल्या दहा सेकंदांत टँक चार वेळा उलटासुलटा करावा आणि पुढे दर मिनिटाच्या सुरुवातीला तेच करावे.

मे महिन्यात नळाचे पाणीच 33 अंशांचे असते. 20 अंश आणायचे कुठून?

20 अंशांचा हट्ट सोडावा, पण तापमान मोजण्याचा हट्ट सोडू नये. डेव्हलपर जितका गरम तितके काम जलद होते. ढोबळ मानाने 24 अंशांवर वेळ सुमारे सत्तर टक्के उरते. एचपी5 प्लसची 14 मिनिटे तिथे सुमारे 10 होतात आणि डेल्टा 3200 ची साडेनऊ मिनिटे सुमारे 7 होतात. हे अगदी चालण्यासारखे आहे. 30 अंशांवर मात्र डेल्टाची तीच वेळ साडेचार मिनिटांच्याही खाली जाते, आणि पाच मिनिटांपेक्षा कमी वेळेत डेव्हलपर ओतण्या-काढण्यातले काही सेकंदही फिल्मवर असमान पट्टे उमटवतात. म्हणून उन्हाळ्यात 24 अंश हे लक्ष्य ठेवावे.

त्यासाठी आपल्याकडे माठ आहे. मराठवाड्यातला उन्हाळा कोरडा असतो आणि कोरड्या हवेत माठाच्या अंगातून पाणी झपाट्याने उडते, म्हणून आतले पाणी टाकीतल्या पाण्यापेक्षा कितीतरी गार राहते. आदल्या संध्याकाळी माठ भरून ओसरीत, वारा लागेल असा ठेवावा आणि पहाटे पाचच्या सुमारास काम करावे. पसरट टोपात किंवा घमेल्यात माठाचे पाणी घेऊन त्यात डेव्हलपर, स्टॉप बाथ (डेव्हलपमेंट थांबवणारे द्रावण), फिक्सर (चित्र कायम करणारे द्रावण) आणि धुण्याच्या पाण्याची बाटली अशा चारही बाटल्या अर्धा तास उभ्या ठेवाव्यात, म्हणजे सगळ्यांचे तापमान एका पातळीवर येते. अजून दोन-तीन अंश उतरवायचे असतील तर बर्फ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घमेल्यात सोडावा. डेव्हलपरमध्ये बर्फ टाकला तर तो पातळ होतो आणि वेळेचे गणित कोलमडते. डेव्हलपमेंट चालू असताना टँकही त्याच पाण्यात ठेवावा, कारण 38 अंशांच्या खोलीत हाताच्या उबेनेच तो तापतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की माठाचा हा गुण कमी होतो, पण तेव्हा पाणीही तितके तापलेले नसते.

फिक्सर आणि धुण्याचे पाणी डेव्हलपरपेक्षा फार गरम असू नये. 24 अंशांतून काढलेली फिल्म थेट टाकीच्या पाण्यात टाकली तर फुगलेले जिलेटिन मऊ पडते आणि त्यावर चरे सहज उठतात.

डी-76 घरी तयार करता येतो का?

येतो. एक लिटरसाठी 2 ग्रॅम मेटॉल, 100 ग्रॅम निर्जल सोडियम सल्फाइट, 5 ग्रॅम हायड्रोक्विनोन आणि 2 ग्रॅम बोरॅक्स लागतो. सुमारे 50 अंशांच्या 750 मिली पाण्यात आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, आणि ते पूर्ण विरघळल्यावर उरलेले सल्फाइट घालावे, कारण सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल विरघळत नाही. नंतर हायड्रोक्विनोन, शेवटी बोरॅक्स, आणि गार पाण्याने एक लिटर पूर्ण करावे. दुकानात मागताना ‘सल्फाइट’ हा शब्द दोनदा उच्चारावा आणि डब्यावर वाचून घ्यावा. सोडियम सल्फेट हा वेगळाच पदार्थ आहे आणि त्याने डेव्हलपर होत नाही. मेटॉलने काहींच्या त्वचेला खाज आणि पुरळ येते, म्हणून हातमोजे घालावेत. पाणी डिस्टिल्डच वापरावे. बोअरच्या जड पाण्यात सल्फाइट आणि बोरॅक्समुळे पांढरा गाळ बसतो.

फिक्स केल्यावरही फिल्म गुलाबी दिसते. चूक झाली का?

पी3200 सारख्या चपट्या कणांच्या फिल्मना फिक्सर जास्त वेळ लागतो आणि तो लवकर थकतो. फिल्मचे कापलेले टोक उजेडात फिक्सरमध्ये टाकून ते पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते पाहावे आणि त्याच्या किमान दुप्पट, या फिल्मसाठी तिप्पट, वेळ फिक्स करावे. गडद गुलाबी छटा राहिली तर ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा बुडवावी. निगेटिव्हला इजा होत नाही. अगदी फिकट छटा धुण्यात निघून जाते.

पाण्याची टंचाई असताना फिल्म अर्धा तास वाहत्या पाण्यात कशी धुवावी?

तशी धुऊच नये. ज्या भागात 2016 साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तिथे एका रोलसाठी नळ सोडून ठेवणे मला पटत नाही, आणि त्याची गरजही नाही. इलफर्डने सांगितलेली पद्धत अशी आहे : टँक पाण्याने भरून पाच वेळा उलटासुलटा करावा आणि पाणी ओतून द्यावे, नव्या पाण्यात दहा वेळा, पुन्हा नव्या पाण्यात वीस वेळा. जिलेटिन न घट्टवणाऱ्या रॅपिड फिक्सरनंतर एवढे पुरते. 35 मिमीच्या एका रोलच्या टँकला प्रत्येक वेळी सुमारे 300 मिली लागतात, म्हणजे एकूण लिटरभर पाण्यात काम होते.

वाळलेल्या निगेटिव्हवर पांढरे ठिपके राहतात, ते कसे टाळावेत?

ते बोअरच्या पाण्यातले क्षार आहेत. शेवटची एक बुडी डिस्टिल्ड पाण्यात द्यावी, त्यात वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता ओघळू देणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थेंबच टाकावेत, आणि फिल्म पंखा बंद ठेवून, फरशी नुकतीच ओल्या फडक्याने पुसलेल्या खोलीत टांगावी. बोटांनी किंवा स्पंजने पुसू नये.

वापरलेला फिक्सर कुठे टाकावा?

आड, विहीर किंवा बोअरजवळच्या शोषखड्ड्यात कदापि नाही. त्यात फिल्ममधली चांदी विरघळलेली असते. प्लॅस्टिकच्या डब्यात साठवून त्यात स्टील वूल टाकून ठेवले की लोखंड विरघळते आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपाने खाली बसते. तो गाळ आणि उरलेले द्रावण घातक कचरा स्वीकारणाऱ्यांकडे द्यावे.

स्कॅन करताना ग्रेन फारच मोठा दिसतो. स्कॅनरमधली धूळ काढण्याची सोय वापरावी का?

वापरू नये. ती सोय अवरक्त किरणांवर चालते आणि कृष्णधवल निगेटिव्हमधली चांदी हे किरण अडवते, त्यामुळे स्कॅनर चित्रालाच धूळ समजून पुसू लागतो. स्कॅन करताना शार्पनिंगही बंद ठेवावे. अंडरएक्स्पोज झालेली निगेटिव्ह संगणकावर ओढून उजळ केली की ग्रेन दुप्पट वाटतो. पुरेसे एक्स्पोजर मिळालेली डेल्टा 3200 कागदावर, हातभर अंतरावरून, अगदी सौम्य दिसते.

निगेटिव्ह पातळ आली. दोष कॅमेऱ्यातला की टँकमधला, हे कसे ओळखावे?

चित्राकडे न पाहता फिल्मच्या कडेवरची अक्षरे आणि क्रमांक पाहावेत. ते कारखान्यातच ठरलेल्या प्रकाशाने उमटवलेले असतात, तुमच्या मीटरशी त्यांचा संबंध नसतो. अक्षरे ठळक काळी आणि चित्र मात्र पातळ असेल तर प्रकाश कमी पडला. पुढच्या वेळी एक स्टॉप जास्त द्यावा. अक्षरेही फिकट राखाडी असतील तर डेव्हलपमेंट कमी पडले : डेव्हलपर जुना झाला होता, वेळ चुकली, किंवा थर्मामीटर खोटे बोलतो आहे. शेवटची शक्यता तपासायला तो थर्मामीटर आणि ताप मोजण्याचा थर्मामीटर 37 अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात एकत्र बुडवून पाहावेत. माझ्याकडचा एक थर्मामीटर तीन अंश जास्त दाखवत होता, म्हणजे ज्याला मी 24 समजत होतो ते पाणी 21 अंशांचे होते, आणि एका अख्ख्या यात्रेचे सहा रोल त्यामुळे पातळ आले. आता त्याच्या काचेवर चिकटपट्टी लावून ‘वजा 3’ असे लिहून ठेवले आहे.